दोष कोणाच्या हद्दीत?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एखाद्या संपाचा इतिहास सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. साहजिकच आहे. तीस वर्षे कामगारांत वावरलेला माणूस दुसरे काय बोलणार? परंतु मी त्यांना म्हटले, मला संगणकाच्या पोटात राहणाऱ्या दुसऱ्या संगणकाविषयी बोलावयाचे आहे. त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला, म्हणजे तो नेमका कोठे तुटला हे शोधण्याची विद्या माणसांनी कशी मिळवली, त्याचा इतिहास सांगावयाचा आहे. चालक क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहात राहिले. तुमच्यापैकीही काहींची तीच अवस्था झाली असेल, तर मी रागावणार नाही.

या विषयाशी माझा संबंध काय? संबंध असा की, आज विम्याचे कागद भरणारी मुलगी, बँकेच्या मागल्या खोलीत बसणारा कारकून, इस्पितळाची बिले करणारा माणूस हे सारे अशाच यंत्रांपुढे बसतात. माग बंद पडला तर विणकराचा दिवस जाई. तसेच येथे ‘कनेक्शन गेले’ की यांचा दिवस जातो, आणि पुष्कळ ठिकाणी त्या वेळेचा पैसाही जातो. मग प्रश्न उभा राहतो की दोष कोणाच्या हद्दीत? मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे कळले ते युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके वाचून आणि तरुण पोरांना पुन्हापुन्हा विचारून कळले. तेव्हा भाषा शास्त्र्याची नसली तर सांभाळून घ्या.

प्रथम हे पोटातले यंत्र म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण आभासी यंत्र म्हणू. लोखंडाचा, तारांचा संगणक एकच असतो. पण त्यावर अशी एक कारभारी योजना चालवलेली असते की, तिच्या आश्रयाला चार-सहा ‘संगणक’ एकाच वेळी नांदतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटते की हे सारे घर माझेच. त्याला स्वतःची स्मृती दिसते, स्वतःची तबकडी दिसते, स्वतःचे जाळ्याचे कार्डही दिसते. वस्तुतः तो पोटभाडेकरू असतो. फरक इतकाच की चाळीतल्या पोटभाडेकरूला आपण पोटभाडेकरू आहोत हे पक्के ठाऊक असते. या बिचाऱ्याला ते ठाऊक नसते!

ही कल्पना काल-परवाची आहे असे पुष्कळांना वाटते. ती तशी नाही. १९६४ साली आयबीएम कंपनीने अमेरिकेतील केंब्रिज गावी एक शास्त्रीय केंद्र काढले. तेथे रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सीपी-४०’ नावाची योजना तयार केली. जानेवारी १९६७ मध्ये ती नित्याच्या कामाला लागली. एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे! त्या काळी संगणक इतका महाग होता की एकेका माणसाला एकेक यंत्र देणे हे स्वप्नातही शक्य नव्हते. म्हणून एकाचे चौदा भास केले. त्यातूनच पुढे १९७२ साली आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ नावाने ही सोय सर्व गिऱ्हाइकांसाठी जाहीर केली.

आता ही चौदा बिऱ्हाडे एकमेकांशी बोलत कशी? त्यांना खरी तार नव्हतीच. तेव्हा संगणकाला पुठ्ठ्याची भोके पाडलेली कार्डे घालीत. आभासी यंत्राला कार्डे पाडण्याचे यंत्रही आभासी आणि वाचण्याचे यंत्रही आभासी. एका बिऱ्हाडाने ‘पाडलेली’ कार्डे कारभारी उचली आणि दुसऱ्याच्या ‘वाचकात’ नेऊन टाकी. प्रत्यक्षात एकही पुठ्ठा हलत नसे. त्याच केंद्रातील एड्सन हेंड्रिक्स याने ही टाकाटाक एका गावच्या यंत्रातून दुसऱ्या गावच्या यंत्रात करण्याची सोय केली, आणि त्यातून आयबीएमचे अंतर्गत जाळे उभे राहिले. ‘व्हीनेट’ त्याचे नाव. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे जाळे सुप्रसिद्ध अर्पानेटपेक्षाही मोठे होते. इतिहासाच्या पुस्तकांत अर्पानेटला सिंहासन आणि व्हीनेटला एखादी ओळ मिळते, हा अन्याय मला नमूद करावासा वाटतो.

तथापि दोष शोधण्याच्या विद्येसाठी आपल्याला अर्पानेटकडेच गेले पाहिजे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने उत्तर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या यंत्राकडे पहिला शब्द धाडावयास घेतला. शब्द होता ‘लॉगिन’. तिकडे बिल ड्युवॉल बसला होता. दोघांच्या कानाला टेलिफोन! ‘एल आला का?’ ‘आला.’ ‘ओ आला का?’ ‘आला.’ तिसऱ्या अक्षराला तिकडचे यंत्र कोसळले. दुरुस्ती करून तासाभराने काम पुरे झाले ते निराळे. या प्रसंगाची गोष्ट नेहमी सांगतात ती त्या दोन अक्षरांसाठी. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो टेलिफोन. नवी वाट चालते की नाही हे पाहावयास जुनी, निराळी वाट हाताशी ठेवली होती. आणि अक्षरागणिक विचारणा होत होती. ‘चालत नाही’ एवढ्यावर कोणी थांबले नाही. ‘ओ पर्यंत चालते, जी ला पडते’ असे कळले, म्हणून दुरुस्ती झाली.

या जाळ्याच्या प्रत्येक ठाण्यावर एक मध्यस्थ यंत्र बसवले होते. ती यंत्रे बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या मॅसेच्युसेट्समधील कंपनीने बांधली. ठाण्यांमधल्या तारा मात्र टेलिफोन कंपनीच्या, भाड्याने घेतलेल्या. म्हणजे धनी दोन झाले. आणि धनी दोन असले की भांडण ठेवलेलेच! संदेश पोहोचला नाही तर यंत्रवाला म्हणणार तार वाईट. तारवाला म्हणणार तुमचे यंत्र वाईट. गिरणीत आम्ही हे आयुष्यभर ऐकले. सूत तुटले तर विणाई खाते म्हणे सूतच कच्चे, आणि सूतखाते म्हणे तुमचे साचे वेडे. कापलेले पैसे मात्र साचेवाल्याचेच.

त्या कंपनीच्या माणसांनी यावर एक तोड काढली. मध्यस्थ यंत्रातच अशी सोय केली की, दूर बसून हुकूम द्यावा आणि तारेला वळसा पाडावा. म्हणजे जे पाठवले तेच फिरून आपल्याकडे यावे. वळसा आपल्या दारात पाडला आणि संदेश धड परत आला, तर आपले घर शाबूत. वळसा तारेच्या दूरच्या टोकाला पाडला आणि संदेश मोडकातोडका आला, तर दोष मधल्या तारेत. मग मॅसेच्युसेट्समध्ये बसलेला माणूस टेलिफोन कंपनीला फोन करून सांगू लागला की, तुमची कॅलिफोर्नियातली अमुक तार बिघडते आहे. तीन हजार मैलांवरून! टेलिफोन कंपनीचे लोक आधी विश्वास ठेवीनात. तारा आमच्या, आणि त्यांचे आजारपण आम्हाला हा कोण सांगणार? पण तपासले की ते खरे निघे. सामोपचाराने जे भांडण मिटले नसते, ते या एका वळशाने मिटले. आजही प्रत्येक संगणकाच्या अंगात हा वळसा ठेवलेला आहे. १२७.०.०.१ हा त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर हाक मारली की यंत्र स्वतःलाच उत्तर देते. तेथून उत्तर नाही आले, तर बाहेर कोणावर आरोप करण्यात अर्थ नाही.

पुढची पायरी हाक मारण्याची. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या जाळ्याच्या निरोपांचे नियम लिहिले, त्यात एक साधा नियम होता: ‘प्रतिध्वनी दे’ असा निरोप आला, तर आलेले जसेच्या तसे परत करावे.  डिसेंबर १९८३ मध्ये मेरीलँडमधील सैन्याच्या एका प्रयोगशाळेत माइक मूस नावाच्या माणसाला आपल्या जाळ्यात काहीतरी विचित्र घडताना दिसले. त्याने एका रात्रीत हजारेक ओळींचा कार्यक्रम लिहिला आणि त्याला नाव दिले ‘पिंग’. पाणबुडी शोधताना पाण्यात ध्वनी सोडतात आणि तो आपटून परत येतो, त्या आवाजावरून हे नाव. बर्कलीच्या लोकांनी ते आपल्या युनिक्समध्ये घेतले आणि ते जगभर गेले. त्याने त्याचे पैसे मागितले नाहीत. पुढे त्याने थट्टेने लिहिले होते की, आयुष्यात हेच काम सर्वांत गाजणार हे ठाऊक असते तर आणखी एक-दोन दिवस त्यावर खर्च केले असते. २००० सालच्या नोव्हेंबरात तो मोटार अपघातात गेला.

मूसनेच सांगून ठेवलेली एक गोष्ट मला फार आवडते. एका कारभाऱ्याच्या इमारतीतले जाळे मधूनमधून तुटे. तेव्हा सारी यंत्रे एकाच जाड तारेला टोचलेली असत. एक सांधा सैल झाला की साऱ्यांची वाट बंद. याने काय केले? पिंगचे उत्तर आले की यंत्राने मोठ्याने ‘पिंग’ म्हणावे अशी जोडणी केली, आवाज संगीताच्या भोंग्यातून कान फाटेपर्यंत वाढवला, आणि इमारतभर एकेक सांधा हलवीत हिंडू लागला. जेथे हात लावताच आवाज थांबला, तेथे दोष! आमच्या खात्यातला जुना फिटर असाच साच्याला कान लावून कोणता दात झिजला ते सांगे. त्यालाही त्यासाठी कोणी पदवी दिली नव्हती.

परंतु पिंग एवढेच सांगते की उत्तर आले की नाही. वाटेत कोठे अडले, ते सांगत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर चारशे यार्ड! माणूस कागद हातात घेऊन चालत गेला असता तरी लवकर पोहोचता. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. गर्दीने वाट बुजली होती, आणि उत्तर न आल्यामुळे प्रत्येक यंत्र तेच पुन्हा पाठवून गर्दी वाढवीत होते. व्हॅन जेकबसन या प्रयोगशाळेतल्या माणसाने त्याचा पाठपुरावा केला आणि गर्दी ओळखून हात आखडता घेण्याचे नियम बसवले. त्याच शोधाशोधीच्या काळात त्याच्या आणि सोबत्यांच्या हातून तारेवरचा एकेक निरोप उघडून वाचणारे हत्यार तयार झाले. डिसेंबर १९८८ मध्ये त्याने ‘ट्रेसरूट’ लिहिले. त्याची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक निरोपावर ‘इतक्या नाक्यांनंतर मला मारून टाका’ असा आकडा असतो. आकडा एक लिहिला की पहिल्या नाक्यावर निरोप मरतो, आणि नाकेदार ‘तुमचा माणूस येथे मेला’ असे कळवतो. मग दोन, मग तीन. अशा रीतीने वाटेवरच्या प्रत्येक नाकेदाराचे नाव हाती येते. हे काम अठ्ठेचाळीस तास न झोपता झाले असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हत्याराबद्दल मी त्याला नमस्कार करतो. पाळीच्या लांबीबद्दल मात्र आमची युनियन त्याला पाठिंबा देणार नाही.

आता पुन्हा आपल्या पोटभाडेकरूकडे येऊ. स्वस्त संगणक घरोघर आले आणि मधली काही वर्षे आभासी यंत्राची आठवण फारशी कोणाला राहिली नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियात डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि आणखी तिघांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली, आणि १९९९ मध्ये साध्या टेबलावरच्या संगणकात दुसरा संगणक नांदवून दाखवला. त्या आतल्या यंत्राला जाळ्याचे कार्ड दिसे ते एएमडी कंपनीचे एक जुने, साधे कार्ड. ते कार्ड यंत्रात कोठेच नव्हते. कारभारीच त्या कार्डाचे सोंग घेऊन बसला होता.

दोष शोधणाऱ्याची पंचाईत येथे आहे. पूर्वी तार हातात धरता येई, सांधा हलवता येई. आतल्या यंत्राला विचारले, ‘तार लावलेली आहे का?’ तर ते म्हणते, ‘आहे’. सोंगाने दिलेले उत्तर! बाहेरची खरी तार कोणी उपटून ठेवली, तरी आतली तार लावलेलीच दिसू शकते. म्हणून आतल्या यंत्राच्या शब्दावर न थांबता, बाहेरचे मूळ यंत्र जगाशी बोलते आहे काय, हे आधी पाहावे लागते.

दुसरे असे की, पोटभाडेकरूला रस्त्यावर येण्याच्या वाटा तीन. पहिल्या प्रकारात त्याला रस्त्यावर स्वतंत्र दार आणि स्वतंत्र पत्ता मिळतो. त्याला पूल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात त्याला चौकातच फिरता येते, बाहेर पडता येत नाही. तिसऱ्या प्रकारात चाळीच्या दारावर एक पहारेकरी असतो. साऱ्या बिऱ्हाडांची पत्रे चाळीच्या एकाच पत्त्याने बाहेर जातात आणि आलेले उत्तर कोणाचे ते पहारेकरी वहीत पाहून पोहोचवतो. ही पहारेकऱ्याची कल्पना मे १९९४ मध्ये जाळ्याच्या नियमांत लिहिली गेली, कारण जगातले चारशे तीस कोटींच्या आतबाहेरचे पत्ते अपुरे पडणार हे तेव्हाच दिसू लागले होते. चाळीतून बाहेर पत्र जाते. पण बाहेरच्या माणसाने आपण होऊन चौथ्या बिऱ्हाडाला हाक मारली तर पहारेकरी त्याला ओळखत नाही. पुष्कळ माणसे या ठिकाणी डोके फोडून घेतात आणि यंत्र बिघडले म्हणतात. बिघडलेले काही नसते. वाट चुकीची निवडलेली असते.

या पहारेकऱ्याची आणखी एक कथा आहे, तिचा धागा आपल्याकडेही येतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसाधारण लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. पुरे खाते महाग. विद्यार्थ्यांना परवडे ते ‘शेल’ खाते. त्यात दूरच्या यंत्रावर नुसती अक्षरे टंकता येत, चित्रांचे जग दिसत नसे. इतर देशांतही विद्यार्थ्यांची हीच अवस्था होती. त्याच सुमारास डॅनी गॅस्पारोव्स्की याने ‘स्लर्प’ नावाचा कार्यक्रम लिहिला. अशा गरिबाच्या खात्यातूनच तो पुऱ्या जोडणीचे काम काढून घेई, आणि त्यासाठी यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याची परवानगी लागत नसे. हाच कार्यक्रम पुढे फाब्रिस बेलार याने २००३ साली सुरू केलेल्या ‘क्यूएमू’ या आभासी यंत्राच्या योजनेत पहारेकरी म्हणून बसला, आणि ‘व्हर्च्युअलबॉक्स’मधला पहारेकरीही त्याच्यावरूनच घडला. आतल्या यंत्राला मिळणारा १०.०.२.१५ हा पत्ता पुष्कळ तरुणांनी पाहिला असेल. गरिबाच्या हिकमतीचा तो वंशज आहे.

पण त्या जन्माचा एक गुण त्याला चिकटून राहिला. प्रतिध्वनीचा निरोप बाहेर धाडण्यास बहुधा मुख्य कारभाऱ्याचा अधिकार लागतो, आणि या पहारेकऱ्याकडे तो पुष्कळदा नसतो. त्यामुळे क्यूएमूमध्ये असे घडते की, आतल्या यंत्रातून बाहेरच्या जगाला पिंग केले तर उत्तर शून्य. आणि त्याच क्षणी वर्तमानपत्राचे पान मात्र सुखाने उघडते! ज्याने ‘पिंग नाही म्हणजे जाळे नाही’ एवढेच पाठ केले असेल, तो दिवसभर निरोगी यंत्राला औषध देत बसेल. मूसच्या हत्याराचा दोष नाही. प्रत्येक हाकेला कोणत्या दारातून जावे लागते, हे आता विचारावे लागते, इतकेच.

आता हे सारे कोणाच्या अंगावर येते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका कचेरीतली माणसे आली. नाव घेत नाही. विम्याचे कागद भरण्याचे काम. प्रत्येक टेबलावर संगणक, त्यात गिऱ्हाईक कंपनीने दिलेले आभासी यंत्र, आणि त्या यंत्राला पुलाने स्वतंत्र पत्ता. काहींचे कनेक्शन दिवसातून दहा-वीस वेळा जाई. व्यवस्थापन म्हणे, माणसेच यंत्राशी खेळतात. आणि बंद वेळ पगारातून कापला जाई. आम्ही पहिली गोष्ट केली ती वहीची. कोणत्या टेबलाचे किती वाजता गेले, किती वाजता आले, हे प्रत्येकाने लिहावयाचे. चौथ्या दिवशी एका बाईने वही पुढे केली आणि म्हणाली, ‘दादा, माझं त्या खिडकीजवळच्या टेबलावरच्या ताई जेवायला गेल्या की छान चालतं.’ दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या. एकीचे चाले तेव्हा दुसरीचे बंद!

मग पायरीपायरीने विचारले. स्वतःचा वळसा: उत्तर आहे. स्वतःचा पत्ता: उत्तर आहे. मूळ यंत्रातून बाहेर: अखंड चालू. आतून पहिल्या नाक्यापर्यंत: कधी आहे, कधी नाही. तेव्हा युनियनमधल्या एका पोराने दोन्ही आतल्या यंत्रांच्या कार्डांचे आकडे कागदावर उतरवले. प्रत्येक कार्डाला जगात वेगळा असा बारा अक्षरांचा आकडा असतो. येथे दोन्ही आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच निघाले. नाक्यावरचे यंत्र निरोप कधी या टेबलाला देई, कधी त्या. आणि दोन यंत्रांनी एकच पत्ता घेतल्यावर नेहमी जी धोक्याची सूचना येते, ती येथे येतच नव्हती. कारण आकडा आपलाच असल्यामुळे दुसरीचा आवाज हा आपलाच आवाज असे प्रत्येक यंत्र समजे.

हे झाले कसे? एक यंत्र सजवून त्याच्या नकला टेबलाटेबलावर टाकल्या होत्या. नकल प्रथम उघडताना व्हीएमवेअर एक प्रश्न विचारते: हे यंत्र तुम्ही हलवले आहे, की त्याची नकल केली आहे? ‘नकल’ म्हटले तर नवा आकडा मिळतो. ‘हलवले’ म्हटले तर जुनाच राहतो. टेबले मांडणाऱ्याने घाईत काही ठिकाणी ‘हलवले’ वर बोट ठेवले होते. तो मांडणारा कंत्राटी. महिन्यापूर्वीच काम संपवून निघून गेला होता. त्याच्यावरही खापर फोडू नये असे आम्ही सभेत सांगितले, कारण एका रात्रीत सारी टेबले उभी करावयास त्याला कोणी लावले होते, हेही विचारले पाहिजे.

कागद व्यवस्थापकापुढे ठेवला. त्यांचा जाळ्याचा माणूस आला, त्याने दोन्ही आकडे पाहिले, आणि काही न बोलता एका यंत्राला नवा आकडा दिला. पंधरा मिनिटांचे काम! कापलेल्या वेळेचा हिशेब त्यांनी मागितला, तेव्हा वह्या तयार होत्या. पुढच्या पगारात पैसे आले. एका टेबलाचे आले नाहीत, कारण तेथे बसणाऱ्याने वही लिहिली नव्हती. त्याच्यासाठी शेजारणीच्या वहीतल्या वेळा उलट्या वाचून अर्ज केला आहे, आणि तो अजून चालू आहे.